आधी सीटबेल्ट ओढून बघा!

चाकांवरचं घर घेऊन वीकेण्डला भटकायचं, हे खूळ माझ्या डोक्यात दोन वर्षं घोळतंय. नवी कॅराव्हॅन? आपल्या पगारात विसरा! म्हणून जाहिरातीत एमएच-२५ची सेकंडहॅण्ड ईको दिसली, तेव्हा मी उडालेच. मागची सीट काढून पलंग, पडदे, छोटी शेगडी. दलाल नाही, थेट मालक. गाव परांडा तालुक्यात, जिल्हा धाराशिव.

गाड्यांची कामं करणाऱ्या मित्राला मस्का मारून सोबत घेतलं आणि टेंभुर्णी, कुर्डुवाडी करत आम्ही सीनाकाठच्या त्या गावात पोचलो. मालक म्हणजे रिटायर्ड गुरुजी. "आधी चहा घ्या, गाडी कुठं पळून जात नाही."

गाडी चकाचक. दार उघडलं तर मोगऱ्याचा घमघमाट. मी फिदा! मित्र मात्र पुटपुटला, "एवढा सेंट कशाला?"

सप्टेंबर २०२५च्या पुरात परांडा-भूम भागाची काय दैना झाली, ते आपण टीव्हीवर पाहिलं होतं. मी पडद्यांच्या नादात विसरले होते.

त्याने पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. रोज हाताळला जाणारा भाग स्वच्छ, पण आत गुंडाळून राहणारा शेवटचा हातभर पट्टा मातकट. मग मॅट उचलली, तर कोपऱ्यात वाळलेला गाळ. सीटच्या रुळांवर गंज, पलंगाचं प्लायवूड खालून फुगलेलं. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणून सीट उलटून डिपस्टिक काढली. ऑइलमध्ये पाणी शिरलं की ते दुधाच्या चहासारखं दिसतं. इथलं स्वच्छ होतं, पण नुकतंच बदललेलं, म्हणजे त्यावरून काहीच कळणार नव्हतं. वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर चढला होता. हे दुखणं आज दिसत नाही, चार महिन्यांनी रात्री घाटात दिसतं!

कागदपत्रंही गमतीशीर. चेसिस नंबर जुळला, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतोच. नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३० ते त्यानंतर. शिवाय आरसीवर पाच सीट, गाडीत दोनच. असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाही, हे गुरुजींनाही माहीत नव्हतं.

"काका, पाणी कुठपर्यंत आलं होतं?" मी शेवटी विचारलंच.

ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "सीटच्या वर. विमा नुसता थर्ड पार्टी, त्यामुळं काही मिळालं नाही. जमीन खरवडून गेली, बाळा. विकण्याजोगी हीच राहिली होती."

राग यायला हवा होता. आला नाही. गाडी मात्र मी घेतली नाही. मित्राने पूर्ण वायरिंग बदलायचा खर्च कागदावर मांडून दिला आणि आम्ही निघालो.

आठवड्याने तीच जाहिरात पुन्हा दिसली. किंमत ऐंशी हजारांनी कमी आणि वर ठळक अक्षरांत पहिलीच ओळ : पुरात भिजलेली गाडी.