बाजेजवळची बाटली

म्युनिक : माझ्या बाळंतपणासाठी आई बार्शीटाकळीहून आली, ती कालंकादेवीचा अंगारा, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि दशमूलारिष्टाच्या दोन बाटल्या घेऊन. बाळ सात दिवसांचं असताना नेहमीप्रमाणे हेबामे आली. हेबामे म्हणजे इथली शिकलेली, परवाना असलेली सुईण. बाळंतपणानंतर पहिले १० दिवस ती रोज घरी येऊ शकते, पुढे १२ आठवड्यांपर्यंत लागेल तशी. पैसे आरोग्य विमा भरतो. या काळाला जर्मन लोक 'वोखेनबेट' म्हणतात, म्हणजे आठवड्यांचं अंथरूण. आपली बाजच की!

हेबामेने बाळाचं वजन केलं, नाळेची जागा पाहिली, माझ्या टाक्यांची चौकशी केली आणि त्याच सुरात विचारलं, "दारू घेता का? किती?" मी आईला मराठीत सांगितलं, तशी ती चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. "काय वं बाई, बाळंतिनीले असं इचारतेत काय?"

इथे विचारतात. या देशात बिअरचे क्रेट किराणा दुकानात पाण्याच्या क्रेटशेजारी रचलेले असतात आणि १६ वर्षांचं पोर ती कायद्याने विकत घेऊ शकतं. बायकांनी पिण्यात कुणाला वावगं वाटत नाही. एके काळी तर अंगावर पाजणाऱ्या दायांना दूध वाढावं म्हणून माल्टची बिअर देत. तिचं नावच 'आमेनबिअर', दाईची बिअर. आज बाटलीत मिळणाऱ्या माल्टच्या पेयात अल्कोहोल जवळपास नसतोच, आणि दारूने दूध वाढतं ही समजूतही टिकलेली नाही. १९९१ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्याने काही आयांना संत्र्याच्या रसातून थोडा अल्कोहोल दिला, तर त्यांच्या बाळांच्या पोटात नेहमीपेक्षा कमी दूध गेलं.

म्हणून हेबामे आधी स्पष्ट सांगते : गरोदरपणात थेंबही नको, आणि पाजत असताना न पिणंच उत्तम. पण एखाद्या लग्नात प्याला घेतलाच, तर काय करायचं हेही ती सांगते. रक्तात जितका अल्कोहोल, जवळपास तितकाच दुधात. प्यायल्यानंतर अर्ध्या ते एका तासात तो सर्वाधिक. रक्तातून उतरला की दुधातूनही उतरतो, त्यामुळे दूध पिळून टाकून काही साधत नाही, फक्त वेळ जाऊ द्यावा लागतो. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था दिवसाला फार तर एकच माप म्हणते, म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल, आणि त्यानंतर किमान २ तास पाजू नये असं सांगते. प्यायलेल्या आईने बाळाला कुशीत घेऊन झोपू नये, हे तर हेबामेने दोनदा बजावलं.

जाता जाता तिची नजर टेबलावरच्या बाटलीवर गेली. तिने लेबलावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली : आपोआप तयार झालेला अल्कोहोल, ५ ते १० टक्के.

"हे त औषध हाये! दारू काहून म्हन्ते ते?" आई उसळली.

दशमूलारिष्टात दहा मुळांचा काढा, गूळ, मध, मनुका आणि धायटीची फुलं बंद भांड्यात महिनाभर मुरतात. गोड पाणी आंबलं की अल्कोहोल येणारच, आणि त्यानेच औषध टिकतं. हेबामेने कागदावर हिशेब मांडला. एका वेळचे चार चमचे म्हणजे २० मिली. १० टक्के धरले तरी अल्कोहोल दीड ग्रॅमच्या आसपास. इथल्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये २० ग्रॅम. "फार नाही," ती म्हणाली, "पण आहे. डॉक्टरांना विचारा, आणि घेतलंच तर पाजून झाल्यावर घ्या."

ती गेल्यावर मला वाटलं, आता आई अर्धा तास तिच्या नावाने बोटं मोडणार. पण आईने चष्मा लावला, दुसरी बाटली खिडकीतल्या उजेडाकडे धरली आणि बोट ठेवून ती ओळ शोधली. आम्हा तिघा भावंडांच्या वेळी आजीने तिला हेच पाजलं होतं.

"तीन बाळंतपनं झाली वं माही," ती म्हणाली, "मले कोनं एकदा इचारलंबी नाई, का सांगतलंबी नाई."