आपला कचरा, आपली माती : घरच्या घरी कंपोस्ट आणि गादीवाफा

वरोऱ्यातील एका वस्तीत आम्ही परसबागेची माहिती द्यायला गेलो होतो. ओला कचरा वेगळा ठेवा, त्याचे खत करा, त्या खतावर भाजी लावा, एवढे सांगून झाल्यावर मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, “आमच्या मायबापानं जलमभर लोकायचा उकिरडा उपसला. बाबासायबानं ते सोडाले सांगतलं. अन् आता तुमी आमाले पुन्हा कचऱ्यात हात घालाले सांगता?”

प्रश्न रास्त होता आणि आमच्या माहितीपत्रकात त्याचे उत्तर नव्हते. म्हणून खत कसे करायचे हे सांगण्याआधी त्या प्रश्नाकडे वळतो.

उकिरडा कोणाचा?

गावाची घाण उचलणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे आपल्या पूर्वजांनी निवडलेली नव्हती, ती जन्माने लादलेली होती. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि शिळेपाके तुकडे सोडायला सांगितले, ते स्वाभिमानासाठी. याच वरोऱ्यात उपनगराध्यक्ष असताना बाबा आमटे यांनी सफाई कामगारांचे जगणे समजून घेण्यासाठी काही महिने स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर वाहिली. त्याबद्दल आदर आहेच. पण त्यांनी ते ठरवून सुरू केले आणि ठरवून थांबवले. ज्यांच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत होते त्यांना ना सुरू करण्याचा निर्णय घेता आला, ना थांबवण्याचा.

आज घंटागाडी दारात येते. आपण भाजीची देठे, प्लास्टिक, फुटलेली काच, वापरलेले पॅड असे सगळे एकाच डब्यात टाकून मोकळे होतो. तो डबा पुढे कोणीतरी हाताने निवडतो. निवडणारा बहुतेक वेळा आपल्याच समाजातला किंवा आपल्यासारख्याच दुसऱ्या दलित जातीतला, कंत्राटावर राबणारा माणूस असतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी प्रत्येक कुटुंबावर टाकली. ती आपण पाळली नाही तर तिचा भार त्या माणसाच्या हातांवर पडतो.

मावशींना आम्ही एवढेच म्हणालो, की लोकांचा उकिरडा पोटासाठी उपसणे वेगळे आणि आपल्या घरचा कचरा दुसऱ्याच्या माथी न मारणे वेगळे. यात एक अट मात्र आहे. हे काम घरातल्या सुनेच्या किंवा मुलीच्या गळ्यात पडले, तर गावाने आपल्याशी केले तेच आपण घरात करू. पाळी लावायची आणि त्या पाळीत पुरुषांची नावे असलीच पाहिजेत.

कंपोस्ट : दोन बादल्या पुरतात

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी शोधलेली खताची पद्धत त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून देशभर गेली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच विटांचे टाके, त्याच्या भिंतींना हवेसाठी भोके आणि आत काडीकचरा, थोडे शेण व माती यांचे थर, अशी ती रचना. घरी एवढे टाके लागत नाही, पण तत्त्व तेच : हवा, ओल आणि थर.

जुन्या दोन बादल्या किंवा रंगाचे डबे घ्या. तळाला आणि बाजूंना बोटाएवढी भोके पाडा. ते विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा जाईल. तळाशी वाळक्या काटक्या किंवा नारळाच्या शेंड्या घाला. मग रोज एक वाटी ओला कचरा टाकला की त्यावर दोन वाट्या सुका टाका. ओल्यात भाजीची देठे, साली, चहाचा चोथा आणि कोमेजलेली फुले येतात. सुक्यात पालापाचोळा, फाडलेला पुठ्ठा आणि आपल्याकडे सहज मिळणारे सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार. सुरुवातीला दोन मुठी शेतातली माती किंवा जुने शेणखत घातले की जिवाणूंचे विरजण लागते.

सुके इतके कशाला? कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागाला कर्बाचे साधारण २५ ते ३० भाग लागतात. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त आणि सुक्यात कर्ब जास्त असतो. नुसता ओला कचरा भरला तर हवा संपते आणि तो सडतो. आमचे पहिले पिंप असेच फसले होते. त्याला भोके नव्हती, झाकण घट्ट होते आणि आत नुसत्या साली होत्या. आठवड्यात असा वास सुटला की शेजाऱ्यांनी बोलणे टाकले. मग सगळे बाहेर काढून वाळवले, भोके पाडली, कुटार मिसळले आणि वास गेला.

मूठभर खत दाबून पाहा. पिळलेल्या फडक्यासारखे ओलसर लागले तर ठीक. पाणी गळले तर सुके घाला, मुंग्या झाल्या तर पाणी शिंपडा. आठवड्यातून एकदा काठीने खालीवर करा. एक बादली भरली की झाकून ठेवा आणि दुसरी सुरू करा. अडीच-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असलेले खत तयार होते. थंडीत थोडे जास्त दिवस लागतात.

काही गोष्टी टाकू नका. मांस, मासळी, हाडे आणि तेलकट शिजलेले अन्न यांनी कुत्री व उंदीर येतात. आपला भाग कोळसाखाणींचा असल्याने शेगडीतली कोळशाची राख खतात घालण्याचा मोह होतो, पण तिच्यात विषारी धातू असू शकतात. लाकडाची राख चिमूटभर चालते. पाचोळ्यात विंचू-साप दडतात, म्हणून उघडा हात कधीही घालू नये. हातमोजे, काठी आणि नंतर साबण हे ठरलेले असावे.

गादीवाफा कशासाठी?

वरोऱ्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून ठेवते. मुळांना हवा मिळत नाही, रोप पिवळे पडते. अनेकांच्या घरापुढे तर मातीच नाही, मुरूम किंवा सिमेंट आहे. जमिनीच्या वर उचललेला वाफा, म्हणजे गादीवाफा, या दोन्ही अडचणींवर उपाय आहे. जास्तीचे पाणी निथळते आणि माती भुसभुशीत राहते.

दिवसाला पाच-सहा तास ऊन येईल अशी जागा निवडा. रुंदी ३ फूट ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो. भिंतीला लागून असेल तर २ फूटच. लांबी जागेप्रमाणे आणि उंची ९ ते १२ इंच. कडेला जुन्या विटा, दगड, बांबू किंवा फुटके कवेलू, जे असेल ते लावा. सिमेंटने जोडू नका, कारण फटींतून पाणी जायला हवे.

खाली माती असेल तर ती कुदळीने सैल करा आणि गवत दाबायला ओला पुठ्ठा अंथरा. त्यावर तीन-चार इंच पाचोळा व कुटार, मग दोन भाग माती आणि एक भाग कुजलेले खत असे मिश्रण. ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि १ फूट उंच वाफ्याला १८ घनफूट भरण लागते, म्हणून माती आधी जमवून ठेवा. पहिल्या वेळी घरचे खत पुरत नाही, तेव्हा जुने शेणखत घ्या. ताजे शेण नको, त्याने मुळे भाजतात आणि हुमणी येते. भरून झाल्यावर पाणी द्या आणि आठ-दहा दिवस थांबा. वाफा बसतो, मग पुन्हा वरून भरा. वाफ्यावर पाय कधीही देऊ नका.

मृगाच्या पावसावर भेंडी, गवार, चवळी, अंबाडी लावा. दिवाळीच्या आगेमागे पालक, मेथी, सांबार, मुळा, वांगी, भेदरे. मेथी महिन्याभरात तोडायला येते, पालकाची पहिली कापणी त्याच सुमारास होते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा वाफ्यावर जुन्या साडीची सावली करा, मातीवर कुटाराचा थर द्या आणि पाणी संध्याकाळी घाला. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको.

एवढ्या वाफ्याने बाजार सुटत नाही, हे आधीच सांगतो. पण सांबार, मिरची आणि पालेभाजी दारात मिळते. ज्यांच्या सातबाऱ्यावर कधी नाव चढले नाही त्यांच्या घरी आपल्या हाताने भरलेली १८ चौरस फूट माती असते.

भाजीलाही शिवाशिव

या मातीला आणखी एक इतिहास आहे. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन उभे राहिले. तिथे कुष्ठरुग्णांनी पिकवलेली भाजी सुरुवातीला गावातले लोक विकत घ्यायला तयार नव्हते. पुढे बाहेरून आलेले स्वयंसेवक त्यांच्यात राहिले, जेवले, आणि गावाची भीती हळूहळू गेली. आपल्या वस्तीतही कचऱ्याच्या खतावरची भाजी नको म्हणणारे भेटतील. त्यांना तयार खत हातात घेऊन हुंगू द्या आणि आपण ती भाजी आधी खा.

सुरुवात विहाराच्या आवारात करता येईल. वंदनेची फुले कोमेजली की ती प्लास्टिकच्या पिशवीत भरून नाल्यात जातात. ती बादलीत टाकावीत. पिंपळाची पाने जाड असतात, म्हणून चुरून घालावीत. पावसाळ्यात कोवळे अंकुर आणि बारीक जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून भिक्खूंचा वर्षावास सुरू झाला. आषाढी पौर्णिमेपासूनच्या त्या तीन महिन्यांत विहारात लोकांची ये-जा असते. तेव्हा एक वाफा आणि दोन बादल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर राहिल्या, तर वेगळ्या सभेची गरज पडणार नाही.

त्या मावशी पुढच्या बैठकीला आल्या. आमचे म्हणणे त्यांना सगळे पटले असे नाही. पण निघताना म्हणाल्या, “करू मंग. पण डब्बा माहा पोरगा उलथवन, सून नाही.”

पाळीच्या कागदावर आम्ही पहिले नाव त्यांच्या मुलाचे लिहिले.