चौथ्या मितीतल्या दिशा

पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली. तीन मितींत या सहा शब्दांवर भागतं. पण चौथी मिती मानली, तर तिथं सरकायचं कुणीकडे? चार्ल्स हॉवर्ड हिंटन या ब्रिटिश गणितज्ञाने ग्रीकमधून दोन शब्द उचलले: एका बाजूला ‘आना’, उलट बाजूला ‘काटा’ (पायात मोडणारा नव्हे). चार मितींच्या घनाला त्याने १८८८च्या पुस्तकात ‘टेसरॅक्ट’ म्हटलं. बंद खोलीतला माणूस भिंती, छत, फरशी कशालाही न शिवता जरासा ‘आना’ सरकला की थेट बाहेर! कागदावर काढलेल्या चौकोनातला मणी आपण वर उचलून घेतो, तसंच. हे डोळ्यांपुढे यावं म्हणून हिंटनने रंगीत ठोकळेही बनवले. ते रंग लक्षात ठेवणं मात्र भलतंच किचकट. ‘टेसरॅक्ट’ पुढे सिनेमातही पोचला. ‘आना-काटा’ हौशी मंडळींपुरतेच राहिले.