पलटणीतील पूर्वज

अमेरिकेचे यादवी युद्ध १८६१ साली सुरू झाले आणि १८६५ साली संपले. उत्तरेकडील संघराज्याच्या बाजूने वीस लाखांहून अधिक माणसे त्यात उतरली होती. त्यांच्यापैकी कोणाचा पणतू वा खापरपणतू आज आपल्या पूर्वजाच्या शोधास लागतो, तेव्हा एक नाव आणि घरात चालत आलेली एखादी आख्यायिका, एवढेच त्याचे भांडवल असते. त्यातील नावावर तर फारसे विसंबून चालत नाही. एकाच नावाचे अनेक शिपाई निघतात, आणि कारकुनाने कानी पडले तसे ते लिहिलेले असते. म्हणून जाणता शोधक नावाआधी गाव पाहतो. स्वयंसेवकांच्या पलटणी त्या त्या राज्याने उभारल्या होत्या. पायदळाच्या पलटणीत सामान्यतः दहा कंपन्या, कंपनीत सुमारे शंभर माणसे, आणि ती पुष्कळदा एकाच परगण्यातून भरलेली. १८६० च्या शिरगणतीत पूर्वज कोणत्या परगण्यात होता हे कळले, की शोधाचे क्षेत्र बरेच आटोक्यात येते.

पलटण ठरल्यावर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे वळावयाचे. युद्ध खात्याने पुढे हजेरीपटांतील नोंदी माणसागणिक कार्डांवर उतरवून घेतल्या होत्या. भरतीचा दिवस, हजर, आजारी, कैद, फरारी, मृत, असे त्रोटक शेरे त्यांवर आढळतात. शिपाई त्यांत सापडतो. माणूस मात्र सापडत नाही.

माणूस सापडतो तो निवृत्तिवेतनाच्या दप्तरात. सेवेत अपंग झालेल्यांस व मृतांच्या आश्रितांस वेतन देण्याचा कायदा १८६२ साली झाला, आणि १८९० च्या कायद्याने त्याची व्याप्ती पुष्कळच वाढविली. पैसा सरकारी, तेव्हा सरकार संशयी. जखम खरी कशावरून? विवाह झाला कशावरून? डॉक्टरांचे दाखले, सोबत्यांच्या जबान्या, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे मागविली जात. विवाहाचा दाखला नसेल, तर घरच्या बायबलमधील जन्म-विवाहांची नोंद असलेले पान फाडून पाठविणारी कुटुंबेही होती. अर्जदारांना हा जाच वाटला असेल, यात शंका नाही. परंतु कचेरीने त्यांच्यावर सहज विश्वास टाकला असता, तर आज वंशजांच्या हाती काही लागले नसते.

याचे मोल सर्वांत अधिक कृष्णवर्णीय सैनिकांच्या वंशजांना. संघराज्याच्या सैन्यात असे सुमारे १,७९,००० सैनिक होते, आणि त्यांतील पुष्कळसे गुलामगिरीतून सुटलेले. १८५० व १८६० च्या शिरगणतीत गुलामांची नावे लिहिलीच जात नसत. मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण, इतकीच नोंद. अशा माणसाची कैफियत प्रथम कोठे लिहिली गेली असेल, तर ती पुष्कळदा याच दप्तरात.

अनेक गुलामांना मुक्त करणाऱ्या हॅरिएट टबमन यांनाही या दारातून जावे लागले. त्यांचे दुसरे पती नेल्सन डेव्हिस हे कृष्णवर्णीय पायदळाच्या आठव्या पलटणीत होते. १८८८ साली ते वारले, आणि १८९० साली टबमन यांनी विधवा म्हणून अर्ज केला. अडचण अशी, की पलटणीच्या कागदांत नेल्सन डेव्हिस नावाचा शिपाईच नव्हता. होता तो नेल्सन चार्ल्स. दोघे एकच, हे शपथेवर सिद्ध करावे लागले. आपला पहिला पती जिवंत नाही, हेही दाखवावे लागले. १८९५ साली महिना आठ डॉलर मंजूर झाले. १८९९ मध्ये ते वीस झाले, त्यासाठी काँग्रेसला स्वतंत्र कायदा करावा लागला. आज कोणी केवळ ‘डेव्हिस’ शोधू लागला, तर पलटणीच्या कार्डांत त्याला काहीच मिळणार नाही.

दक्षिणेकडील सैनिकांची गोष्ट निराळी. पराभूत पक्षास संघराज्य वेतन देईना. ते दक्षिणेच्या राज्यांनी आपापल्या तिजोरीतून दिले. म्हणून त्यांचे कागद वॉशिंग्टनला नव्हे, त्या त्या राज्याच्या अभिलेखागारात पाहावे लागतात. दोन्ही बाजूंनी लढलेलेही काही होतेच. नॉर्थ कॅरोलायनाचा एक शिपाई दक्षिणेच्या पलटणीतून पळाला आणि उत्तरेच्या पलटणीत भरती झाला. त्र्याऐंशीव्या वर्षी, १९३० साली, त्याला एक मुलगी झाली. पित्याच्या उत्तरेकडील सेवेपोटी तिला दरमहा ७३ डॉलर १३ सेंट मिळत, आणि २०२० साली ती वारली तेव्हा त्या युद्धाचे शेवटचे निवृत्तिवेतन बंद झाले.