हूडची मागची काच धुरकट झालीय? बदलण्याआधी पाणी ओतून बघा

कापडी हूडच्या गाड्या सीमाभागात आणि गोव्यात नव्या नाहीत. जुन्या जीप, जिप्सी आणि आता थार. या गाड्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते: मागच्या काचेतून काही दिसत नाही. दिवसा भागून जातं. रात्री मात्र मागून येणाऱ्या गाडीचा हेडलाइट त्या काचेवर पसरतो आणि ती गाडी किती जवळ आलीय, ते कळतच नाही. चोर्ला घाटासारख्या वळणाच्या रस्त्यावर हे धोक्याचं आहे.

अशा वेळी ‘अख्खं हूडच बदला’ असा सल्ला सर्रास मिळतो. पण दर वेळी त्याची गरज नसते. काच नुसती ओरखडलीय की आतून खराब झालीय, एवढं आधी ओळखता आलं पाहिजे.

ही काच नाहीच

आपण काच म्हणतो, पण ते असतं मऊ पारदर्शक पीव्हीसी. हूडची घडी घालता यावी म्हणून त्यात मऊपणा आणणारी रसायनं मिसळलेली असतात. या मऊपणामुळेच त्यावर पटकन चरे पडतात. लाल मातीची धूळ बसलेली असताना कोरडं फडकं फिरवलं, तर धुळीचा प्रत्येक कण पॉलिश पेपरसारखं काम करतो. त्यात ऊन लागून प्लास्टिक पिवळं पडतं, मऊपणा जातो आणि शेवटी ते तडकतं.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. माझदाची एमएक्स-५ ही दोन सीटची उघडी गाडी १९८९ मध्ये आली, तेव्हा तिलाही मागे प्लास्टिकचीच काच होती. हूड पाडण्याआधी चेन उघडून ती काच सपाट ठेवावी लागे, नाहीतर घडीची खूण उमटायची. १९९८ च्या पुढच्या पिढीत कंपनीने खरी काच दिली. पोर्शे बॉक्स्टरची सुरुवातही १९९६ मध्ये प्लास्टिकवरच झाली; २००३ च्या मॉडेलपासून तिलाही काच आली.

दोन सोप्या चाचण्या

पहिली पाण्याची. धुतलेल्या काचेवर पाणी ओता आणि ओली असतानाच आरपार बघा. चरे दिसेनासे झाले, तर खराबी वरवरची आहे. पाणी त्या चऱ्यांत भरतं आणि प्रकाश विखुरायचा थांबतो; पॉलिशनेही साधारण तसाच फरक पडेल. ओलं असूनही पिवळेपणा किंवा दुधाळपणा तसाच राहिला, तर तो प्लास्टिकच्या आत आहे. कितीही घासा, जाणार नाही.

दुसरी नखाची. चऱ्यावरून नख आडवं फिरवा. अडकलं नाही, तर चरा बहुतेक निघेल. अडकलं, तर तो फिका होईल, पण पूर्ण जाणार नाही.

घासायची पद्धत

१. गाडी सावलीत लावा, काच थंड होऊ द्या.

२. आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्या. मग हाताने, सौम्य शाम्पूच्या पाण्याने धुवा. ही पायरी गाळली तर नवे चरे पडतील.

३. खास प्लास्टिकसाठी असलेलं पॉलिश घ्या. बॉडीचं रबिंग कंपाउंड नको, ते जास्त खरखरीत असतं.

४. आधी एका कोपऱ्यात लावून बघा. ठीक वाटलं तर वीतभर भाग घेऊन मऊ मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने घासा. दुसऱ्या माणसाने आतून टॉवेल गुंडाळलेली फळी धरली, तर काच दबत नाही.

५. चरे खोल असतील तरच २००० किंवा ३००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून अगदी हलका फिरवा आणि वर पुन्हा पॉलिश करा. पेपर मारल्यावर काच आधी पूर्ण पांढरट दिसते. पॉलिशनंतर हळूहळू साफ होते.

बफिंग मशीन शक्यतो नकोच. घर्षणाने प्लास्टिक तापतं आणि वाकडंतिकडं होतं. शिवाय प्रत्येक पॉलिशमध्ये प्लास्टिकचा थोडा थर जातो, त्यामुळे हा दर महिन्याचा उद्योग करू नये.

हे लावू नका

थिनर, पेट्रोल, रॉकेल आणि अमोनिया असलेले काच पुसायचे स्प्रे या प्लास्टिकला मारक आहेत. खोबरेल तेलाने दोन दिवस चकाकी येते, पण त्यावर धूळ चिकटते आणि नवे चरे पडतात. चरे झाकायला काळी फिल्म चिकटवणं तर नकोच. काचांवर अशी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली आहे. आणि फिल्ममुळे आधीच कमी दिसणारं आणखी कमी दिसेल.

पॉलिशने भागलं नाही तर?

काच पिवळी, कडक किंवा तडकलेली असेल, पण कापड आणि शिवण शाबूत असेल, तर हूड-कुशनचं काम करणाऱ्या कारागिराकडे जा. जुनं प्लास्टिक उसवून तेवढाच नवा तुकडा शिवून मिळतो का, ते विचारा. शिवणीतून पाणी आत येणार नाही याची खात्री करून घ्या आणि भाव आधी ठरवा. कापडच विरलं असेल, तर मात्र त्यावर नवी काच शिवण्यात पैसे घालू नका.

नवी काच टिकवायची तर तीन सवयी पुरतात: धुतल्याशिवाय पुसायचं नाही, हूडची घडी घालताना काचेच्या मध्ये मऊ टॉवेल ठेवायचा, आणि ओलं हूड गुंडाळून ठेवायचं नाही. थंडीतल्या पहाटे प्लास्टिक कडक झालेलं असतं. ते थोडं ऊन लागून मऊ झाल्यावरच दुमडावं.

जुनी गाडी घेतानाही पाण्याची चाचणी करून बघा. ओल्या काचेतून स्वच्छ दिसलं, तर खर्च पॉलिशपुरताच. नाही दिसलं, तर नव्या काचेचे पैसे सौद्यातूनच कमी करून घ्या.