दुसरा गिअर का निसटतो

तीन गिअरच्या जुन्या जीपला दुसरा गिअरच खरा कामाचा. पहिला गाडी हलवण्यापुरता, तिसरा डांबरी सडकेचा. बांधालगतची वाट, नाल्याचा चढउतार, मागं धानाची पोती, हे सगळं दुसऱ्यावर निघतं, म्हणून झिजतोही तोच आधी. पवनीकडच्या एका शेतकऱ्याची महिंद्राची सीजे-3बी जीप भंडाऱ्यातल्या एका गॅरेजात आली ती याच दुखण्यानं. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गिअरची दांडी धाडकन न्यूट्रलला यायची. मालक कितीतरी दिवस दांडी गुडघ्यानं दाबून धरत गाडी चालवत होता.

गावात त्याला एकानं सांगितलं होतं, डब्बाच बदल. गॅरेजच्या मिस्त्रींना हे पटलं नाही. "दोन नंबर फेकते म्हणून डब्बा गेला, असं कोनं सांगतलं जी? पयले पाहू तर द्या." मग त्यांनी ज्या गोष्टी पाहिल्या त्यात गिअरबॉक्स शेवटी होता. आधी इंजिन आणि गिअरबॉक्सखालचे रबरी माउंटिंग, कारण ते फाटले की झटक्यासरशी अख्खं धूड मागंपुढं होतं. मग क्लचच्या पेडलची ढील. मग गिअरबॉक्सला क्लच हाउसिंगशी बांधणारे बोल्ट. यातला एखादा सैल निघाला असता तर हजारोंचा खर्च पान्याच्या दोन आट्यांवर आला असता. उघडण्याआधीची ही अर्ध्या तासाची तपासणी जो मिस्त्री करतो, त्याच्या हातात गाडी बिनघोर द्यावी.

यावेळी बोल्ट घट्ट होते. म्हणजे गिअरबॉक्स उतरवावाच लागणार होता.

ही जीप मूळची अमेरिकेतल्या विलीज कंपनीची. महिंद्रांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या आणि पुढं कित्येक वर्षं त्याच घराण्याच्या गाड्या काढल्या. तिच्या पोटातला टी-90 नावाचा गिअरबॉक्स म्हणजे बिडाची जाड पेटी. तीन पुढचे गिअर, एक रिव्हर्स. पहिल्याला आणि रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणारी योजना, नाही; दुसऱ्याला आणि तिसऱ्याला आहे. सिंक्रोची कल्पना पहिल्यांदा विकायच्या मोटारीत आणली ती अमेरिकेत कॅडिलॅकनं, 1928 साली. त्याआधी बहुतेक ड्रायव्हरांना डबल क्लच मारावा लागे, म्हणजे मध्ये न्यूट्रलला येऊन क्लच दोनदा दाबावा लागे. जीपच्या पहिल्या गिअरला तो अजूनही लागतो. चालत्या गाडीत पहिला टाकताना जे नुसतं रेटतात, त्यांच्या गिअरच्या दातांचे कोपरे उडालेले सापडतात.

गिअरबॉक्स उतरवणं हे अंगमेहनतीचं काम. पायाखालचा पत्रा निघतो. पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट सुटतो, हँडब्रेक आणि मीटरची केबल सुटते, इंजिनखाली जॅक लागतो, आडवा क्रॉसमेंबर खाली येतो. पुढच्या-मागच्या शाफ्टना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच जोडलेला असल्यामुळं वजन दोघांचं एकदम हातावर येतं. दोन पोरं खाली, मिस्त्री वर, आणि गप्पा बंद.

ऑइल मात्र त्याआधीच तसराळ्यात काढलं होतं. मिस्त्रींनी तसराळं उन्हात नेऊन तिरपं केलं. काळपट ऑइलवर सोनेरी चमक पसरली. ती पितळेची. मग एका जुन्या स्पीकरमधून काढलेला लोहचुंबक त्यांनी तळातून फिरवला, त्याला राखाडी लगदा चिकटला. तो चिमटीत चोळून पाहिला. नुसता लगदा असेल तर ती वयाची झीज. बोटाला टोचणारी कपची लागली तर कुठंतरी दात किंवा बेअरिंग फुटलेलं. टोचलं काही नाही. पेटी उघडायच्या आत त्यांना दोन गोष्टी कळल्या होत्या: गिअर शाबूत असावेत आणि सिंक्रोची पितळी रिंग संपली असावी.

ही रिंग तळहातावर मावते. बाहेरून बारीक दात, आतून निमुळती, आणि त्या निमुळत्या भागावर स्क्रूच्या आट्यांसारख्या अगदी बारीक रेषा. गिअर टाकताना रिंग गिअरच्या पोलादी कोनावर दाबली जाते. रेषांच्या धारदार कडा मधलं ऑइल कापतात, पितळ पोलादाला पकडतं आणि दोघांचा वेग सारखा होतो. तोवर रिंगचे दात गिअरला शाफ्टशी गुंतवणाऱ्या स्लीव्हला अडवून धरतात. वेग जुळला की वाट मोकळी होते. जुन्या रिंगवर या कडा बोथट होऊन आरशासारख्या चमकायला लागतात. मिस्त्रींनी काढलेली रिंग कोनावर बसवून अंगठ्यानं दाबली आणि फिरवली. ती घसरली. मग नवी बसवून फिरवली, ती जागेवर चावली. शेवटी रिंग आणि गिअर यांच्यामधली फट फीलर गेजनं मोजली. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये नव्या रिंगला ही फट मिलीमीटरच्या आसपास असते आणि ती निम्म्यावर आली की रिंग फेकायला सांगितलेली असते. इथं गेजचं सगळ्यात पातळ पातंही आत शिरेना.

भंडारा म्हणजे पितळेचं गाव. इथल्या घागरी, गुंड, परातींनी विदर्भातली घरं भरली. तेव्हा मालकानं विचारलेला प्रश्न रास्त होता: इतकं पितळ इथं असताना रिंग बाहेरून का मागवायची? उत्तर धातूत आहे. भांड्याचं पितळ तांबं आणि जस्ताचं, ठोकून आकार घेईल इतकं मऊ. सिंक्रोच्या रिंगला लागतं ते मँगनीज किंवा ॲल्युमिनियम मिसळलेलं कडक पितळ, नाहीतर ब्राँझ. भांड्याच्या पितळेची रिंग लेथवर हुबेहूब निघेल, पण पोलादी कोनाखाली तिचे दात लवकरच दबतील. आणि मँगनीज तर याच जिल्ह्यातलं: तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथं मॉइलच्या खाणी आहेत. वरठीला सनफ्लॅगचा कारखाना वाहन उद्योगासाठी मिश्र पोलाद काढतो. लाखनीच्या वाटेवर गडेगावला अशोक लेलँडचा प्रकल्प 1982 पासून आहे आणि तिथं ट्रकचे सिंक्रोमेश गिअरबॉक्स बनतात. गिअरबॉक्सचा जवळजवळ प्रत्येक धातू आणि त्याचं शास्त्र या एका जिल्ह्यात नांदतं, तरी जुन्या जीपच्या एका रिंगसाठी नागपूरला नाहीतर थेट दिल्लीच्या मायापुरीला फोन लावावा लागतो. ज्या गाडीवर इतके लोक शेती करतात, तिचे सुटे भाग इतके दुर्मिळ असावेत ही खरोखर खंतावणारी गोष्ट आहे.

रिंग बदलली की झालं, असं मालकाला वाटलं. तसं नव्हतं, आणि बहुतेक दुरुस्त्या इथंच फसतात. रिंग गिअर आत घेते. तो आत धरून ठेवणं तिचं काम नव्हे. गिअर निसटतो त्याची कारणं वेगळी असतात. दुसऱ्या गिअरचे दात तिरपे कापलेले असल्यामुळं तो फिरताना शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं रेटाही देतो. इंजिन गाडी ओढतं तेव्हा हा रेटा एका बाजूला असतो. उतारावर चाकं इंजिनला ओढू लागली की तो उलटतो. शाफ्टला मागंपुढं सरकायला जागा असेल तर अशा वेळी गिअर सरकतो, आणि कडा गोल झालेल्या दातांवरून स्लीव्ह बाहेर फेकली जाते. उतार आणि सोडलेला ॲक्सिलरेटर, एवढ्यावरूनच हे दुखणं ओळखता येतं.

मिस्त्रींनी खालचा गिअरचा गठ्ठा हातानं हलवला. तो टकटक आवाज करत सरकला. त्याच्या दोन्ही टोकांचे थ्रस्ट वॉशर कागदासारखे पातळ झाले होते. स्लीव्ह सरकवणाऱ्या फोर्कचं टोक खाचेत सैल. दांडीला जागेवर रोखणाऱ्या गोळीमागची स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली तर बुटकी दिसली. चालत्या गाडीत यातला एकही भाग आवाज करत नव्हता, म्हणून तक्रारीत कुणाचंच नाव नव्हतं.

दात ठेवायचे की नाही, हे त्यांनी कानसेनं ठरवलं. गिअरच्या पोलादाला वरून जेमतेम मिलीमीटरभर कडक साल दिलेली असते, आतला गाभा चिवट राहतो. जुनी कानस दाताच्या कडेवर हलकेच फिरवली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली. साल शिल्लक आहे. "कानस धरली असती तर गिअर भंगारात," मिस्त्री म्हणाले. स्लीव्हच्या दातांनी मात्र कडा सोडल्या होत्या. ती बदलायची ठरली.

थ्रस्ट वॉशर भंडाऱ्यातच झाले. लेथवाल्यानं ब्राँझच्या गोल दांड्यातून चकत्या कापल्या आणि मोजून थोड्या जाड ठेवल्या. मग दगडावर घासून घासून हवी ती ढील साधली. रिंग इथं होत नाही पण वॉशर होतो, कारण वॉशरला फक्त जाडी आणि सपाटी सांभाळायची असते. हे हातांना जमतं, आणि इथल्या हातांना उत्तम जमतं.

नागपूरच्या जुन्या बाजारातून आख्खा गिअरबॉक्स आणून लावणं स्वस्त पडलं असतं का? कदाचित. पण वापरलेल्या पेटीच्या आत काय आहे ते ती उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि उघडायचीच तर आपली का नको? मूळची बिडाची पेटी तडकली असेल, बेअरिंगची घरं मोठी झाली असतील किंवा गिअरची साल गेली असेल, तेव्हा बदलणं रास्त. इथं तसं काहीच नव्हतं.

जोडणी शांतपणे चालली. इनपुट शाफ्टच्या पोकळीतले बारीक रोलर ग्रीसमध्ये एकेक चिकटवून मेन शाफ्टचं टोक आत सोडलं. एखादा रोलर आडवा पडला तरी सगळं पुन्हा खोलावं लागतं, म्हणून त्या वेळी मिस्त्रींनी मोबाइलही पोराकडं दिला. नवे सील, नवी पॅकिंग. ऑइल मात्र त्यांनी दुकानदारानं दिलेलं परत पाठवलं. डब्यावर जीएल-5 होतं. ते डिफरन्शियलच्या प्रचंड दाबासाठी असतं. त्यातली गंधकाची द्रव्यं पितळेला बाधू शकतात, आणि ते इतकं निसरडं की रिंगची पकडही मंदावते. जुन्या सिंक्रोला जीएल-4 हवं. नवी रिंग टाकून चुकीचं ऑइल भरलेल्या गाड्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या आहेत.

चाचणीला जीप वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याकडं नेली. उतरणीला दुसरा टाकून मिस्त्रींनी ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि हात मांडीवर ठेवले. दांडी थरथरली, पण हलली नाही. पुन्हा ओढ, पुन्हा सोड. मग मालकाला बसवलं. त्याचा गुडघा सवयीनं दांडीकडं गेला, तो मिस्त्रींनी हातानंच बाजूला सारला. ट्रान्सफर केसची घरघर तेवढी राहिली आहे. ती बेअरिंगची आहे, आणि ते काम पुढच्या धानाच्या पैशावर ढकललं गेलं. नव्या रिंगची पहिली पूड बाहेर यावी म्हणून पाचशे किलोमीटरला ऑइल बदलायचं, हे मिस्त्रींनी बिलाच्या मागं लिहून दिलं.