पॅलेटची फळी, खजुराचं पान

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात खोली सजवायची तर पहिली अडचण भिंतीची. भाड्याच्या खोलीत किंवा कंपनीच्या कॅम्पमध्ये खिळा ठोकायला सहसा परवानगी नसते. तेव्हा सजावट जमिनीवर उभी राहणारी किंवा पलंगाच्या दांडीला बांधता येणारी हवी.

गोदामांच्या या वस्तीत लाकडी पॅलेट सहज दिसतात. बाहेर ठेवलेलं प्रत्येक पॅलेट टाकाऊ नसतं, म्हणून विचारूनच घ्या आणि शिक्का वाचा. गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाशेजारी देशाची दोन अक्षरं असतात. आयएन म्हणजे आपला भारत. पुढे एचटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं आहे. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ते घरात आणू नये. एचटीचा शिक्का फक्त किडीपुरता. नंतर त्यावर कुठलं रसायन सांडलं, हे तो सांगत नाही. डाग किंवा वास असला की सोडून द्या. बाकी काम सोपं: खिळे काढा, ८० आणि मग १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. बुटांची मांडणी किंवा कुंड्यांचा पाट तयार.

खरा रस मात्र खजुराच्या पानात आहे. आपल्या शिंदीचा हा सख्खा भाऊ. ज्यांच्या घरी शिंदीची केरसुणी असायची त्यांना ही पात ओळखीची वाटेल. इथे पातीला खूस आणि विणलेल्या पट्टीला सफीफा म्हणतात. २०१९ मध्ये युनेस्कोने अमिरातीसह १४ देशांची खजुराशी निगडित कौशल्यं आणि परंपरा आपल्या यादीत घेतल्या. आपल्याला एवढं कसब नको, तिपेडी वेणी घालता आली तरी पुरे.

रस्त्याकडेच्या झाडाला हात लावू नका. छाटणी चालू असताना माळ्याकडून वाळलेली झावळी मागून घ्या. तिच्या बुडाशी लांब, टोकदार काटे असतात; ते आधी छाटा. मग मधल्या दांड्यापासून पाती सोलून वेगळ्या करा. हिरव्या पाती मिळाल्या तर सावलीत वाळवा, म्हणजे हिरवट छटा राहते. उन्हात त्या फिक्या पिवळ्या होतात.

कोरडी पात दुमडली की तुटते. म्हणून तासभर पाण्यात भिजवून ओल्या पंचात गुंडाळून ठेवा. एसीच्या खोलीत ती भराभर सुकते, तेव्हा लागतील तेवढ्याच पाती बाहेर काढा. वेणी घालताना पेड संपत आला की नवी पात त्याच्यावर ठेवून पुढे विणा. तिन्ही पेडांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नका, नाहीतर पट्टी तिथेच सुटते. पुरेशी लांबी झाली की बाहेर आलेली टोकं कातरीने कापा. पट्टी चकलीसारखी गुंडाळत, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीला दाभण आणि जाड दोऱ्याने शिवत गेलं की ताटाखालची गोल चटई होते. कडेच्या फेऱ्या वर उचलत शिवल्या तर परडी. शिवून झाल्यावर पूर्ण वाळवा, ओली ठेवली तर बुरशी धरते.

गणपतीला याच पट्ट्यांचं मखरही होतं, फक्त समई त्यापासून लांब ठेवा. शेगडीजवळ, वायरींवर किंवा बाहेर पडायच्या दारावर वाळकी पानं लावू नका. ती क्षणात पेट घेतात आणि आग लागली तर निसटायची वाट म्हणजे तेच दार असतं.